आयआरएसची स्टिम्युलस पेमेंटची टूल्स: रिटर्न न भरणाऱ्यांना मजा, भरणाऱ्यांना सजा

कोविडमध्ये अमेरिकन सरकारने तीनदा पैसे वाटले, १२००, ६०० आणि १४०० डॉलर, आणि त्यासाठी आयआरएसने, म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याने, दोन ऑनलाइन टूल्स काढली, रिटर्न भरणाऱ्यांना गेट माय पेमेंट आणि न भरणाऱ्यांना नॉन-फायलर्स. दोन्ही कधीच बंद झालीत, पण मंडळाच्या ग्रुपवर अजून कोणी ना कोणी विचारतंच की आमचे तेव्हाचे पैसे का नाही आले हो, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

गेट माय पेमेंटला ५ पैकी दीड स्टार, तेही फुकट होतं म्हणून. १५ एप्रिल २०२० ला सुरू झालं. एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर), जन्मतारीख, पत्ता, झिप टाका की पैसे कधी आणि कसे येणार ते दिसेल असं सांगितलेलं, आणि कित्येकांना दिसायचं काय तर "पेमेंट स्टेटस नॉट अव्हेलेबल". आता तुम्ही पात्रच नाही, की रिटर्न प्रोसेस व्हायचंय, की पत्ता जुळत नाहीये, ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. शेवटी लोकांनीच शोध लावला की पत्ता सगळा कॅपिटलमध्ये टाकला तर काहींचं चालतंय! एवढ्या मोठ्या देशाचं टॅक्स खातं आणि गाडी अडते कुठे तर एबीसीडी मोठी की छोटी यावर. माहिती दिवसातून एकदाच अपडेट व्हायची, पण लोक आपले दर तासाला चेक करणार, आणि जास्त वेळा चुकलं की २४ तास लॉक.

खरं तर ज्यांच्या २०१८ किंवा २०१९ च्या रिटर्नवर रिफंडसाठी बँक खातं होतं त्यांना टूलकडे बघायचीही गरज नव्हती, पैसे आपोआप आले. लटकले ते मधले. मी ज्या सॉफ्टवेअरने रिटर्न भरलं (नाव नाही घेत) त्यांची फी रिफंडमधून कापून घेतात, पण त्यामुळे नोंद झाली त्यांच्या मधल्या तात्पुरत्या खात्याची, माझ्या नाही, मग दुसऱ्या फेरीचे ६०० तिकडे गेले नि तिकडूनच परत फिरले, आणि कस्टमर केअरवाली बाई मलाच विचारते की सर तुमची बँक कोणती.

नॉन-फायलर्सला मात्र चार स्टार, मनापासून. १० एप्रिल २०२० ला आलं. २०१९ चं उत्पन्न एकट्याचं १२,२०० किंवा जोडप्याचं २४,४०० च्या आत म्हणून रिटर्न भरावंच लागत नाही अशांसाठी. आमच्या कॉम्प्लेक्समधले काका-काकू, ग्रीन कार्डवाले, काका दुकानात पार्ट टाइम. त्यांचं मी भरून दिलं. काकू चेकबुक समोर धरून खालचा राउटिंग नंबर (बँकेचा कोड) एकेक आकडा बोट ठेवून वाचतायत आणि काका मागून "अगं ते खातं नव्हे, ते पलीकडचं" करतायत, तरी चहा निवायच्या आत फॉर्म गेला. मागच्या वर्षीच्या एजीआयला (रिटर्नवरचं समायोजित उत्पन्न) ० टाकायचं, लायसन्सचा रकाना रिकामा चालायचा. गंमत म्हणजे पुढच्या वर्षी ई-फाइल करताना या लोकांनी एजीआय १ डॉलर टाकायचं होतं, ते कळलं नाही तर रिटर्न रिजेक्ट. अर्धा स्टार त्याचा कापला. आणि उरलेला अर्धा यासाठी की ज्यांना रिटर्न भरायचंच होतं असेही काही घाईघाईत इथे घुसले आणि मग खरं रिटर्न ई-फाइल होईना.

आपल्या लोकांची खरी गोची वेगळीच होती आणि त्यात वेबसाइटचा दोष नाही, कायद्याचा आहे. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, तिला एसएसएन नाही म्हणून आयटीआयएन (एसएसएन नसणाऱ्यांचा टॅक्स नंबर), आणि रिटर्न जॉइंट. पहिल्या फेरीत अशा घरांना शून्य! नवऱ्याचेही नाहीत आणि इथेच जन्मलेल्या पोराचे ५०० पण नाहीत. टॅक्स घेताना बरं चालतं. डिसेंबर २०२० च्या कायद्याने हे सुधारलं, एसएसएनवाल्याला आणि मुलांना मागचेही मिळाले, पण किती जणांना हे कळलं देव जाणे. उलट एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या काही पोरांनी १०४०-एनआर (टॅक्ससाठी अनिवासी धरलेल्यांचा रिटर्न फॉर्म) ऐवजी साधा १०४० भरलेला, त्यांना हक्क नसताना पैसे आले आणि ते परत करायची वेळ आली.

पाच स्टार द्यायचेच तर ते २०२० आणि २०२१ च्या १०४० फॉर्मच्या ३० नंबरच्या ओळीला, रिकव्हरी रिबेट क्रेडिट. ना लॉगिन ना लॉक, जे आले नाहीत ते तिथे लिहायचे, रिफंडमध्ये मिळायचे. माझे ६०० असेच आले. २०२१ ची ही ओळ रिकामी सोडलेल्या सुमारे १० लाख लोकांना तर आयआरएसने डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःहून पैसे पाठवायचं जाहीर केलं, हे मात्र मानलं.

आता क्लेम करायचं म्हणाल तर २०२० च्या रिटर्नची मुदत १७ मे २०२४ ला संपली आणि २०२१ ची १५ एप्रिल २०२५ ला. तेव्हा "तुमचे १४०० डॉलर बाकी आहेत, लिंकवर क्लिक करा" असा मेसेज आला तर सरळ डिलीट मारा, आणि आईबाबांच्या फोनवर आलाय का तेही बघा.