जाळं नायलॉनचं की एचडीपीईचं?

हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बंदरात दोन्ही जाळी दिसतात, आणि दोन्हींचं मूळ कच्च्या तेलातच. कच्च्या तेलातून निघणारा नॅफ्था हा हलका द्रव तापवून फोडला की इथिलीन मिळतं. त्याचे रेणू जोडले की एचडीपीई, म्हणजे जास्त घनतेचं पॉलिइथिलीन प्लास्टिक. नायलॉन-६ चा रस्ता लांबचा: बेंझीन, सायक्लोहेक्झेन, कॅप्रोलॅक्टम, मग धागा.

खरा फरक रेणूंच्या साखळीत आहे. नायलॉनमध्ये अमाइड गट (नायट्रोजन-ऑक्सिजन असलेले जोड) असतात. शेजारशेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून ठेवतात. म्हणून केसासारखा बारीक धागाही सुरमईचा झटका ताण घेत सोसतो. पण हेच गट पाणीही धरतात, त्यामुळे भिजलेलं नायलॉन थोडं कमजोर पडतं. घनता पाण्याच्या सुमारे १.१४ पट, म्हणजे समुद्रात ते बुडणारच. वर तरंगायला बोये लावावे लागतात.

एचडीपीईत नुसते कार्बन आणि हायड्रोजन. पाणी जवळजवळ शोषत नाही, घनता ०.९५ च्या आसपास, त्यामुळे तरंगतं. स्वस्तही पडतं. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याला मी तेच घेईन. गिलनेटला, म्हणजे मासे कल्ल्यांशी अडकतात त्या उभ्या जाळ्याला मात्र नायलॉनच, तिथे तडजोड नको.

कडक उन्हात दोन्हींच्या साखळ्या तुटतात, तेव्हा जाळं सावलीत ठेवा. फाटलेला तुकडा किनाऱ्यावर परत आणाच; पाण्यात तो वर्षानुवर्षं मासे अडकवत राहतो.