घोडा पळवणारा झोएट्रोप मागवला, कसा आहे सांगतो

पुठ्ठ्याचा झोएट्रोप ऑनलाइन मागवला होता, बेळगावात चार दिवसांत आला. गोल डबा, बाजूला उभ्या फटी, आत चित्रांची पट्टी लावायची, डबा फिरवायचा आणि फटीतून बघायचं की घोडा पळतोय! फटी नसत्या तर चित्रं एकमेकांत मिसळून नुसता धूसर पट्टा दिसला असता.

पट्टीवर मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरच्या 1878 च्या फोटोंवरून घेतलेली 12 चित्रं आहेत. त्यानं कॅलिफोर्नियात पालो आल्टोला ट्रॅकच्या कडेला 12 कॅमेरे लावले, आडव्या तारा ताणल्या, घोडी जाईल तशी तार ओढली जाऊन एकेक फोटो निघत गेला. त्यात दिसलं की चारही पाय खरंच एकदम जमिनीवरून उचलतात, पण चित्रकार काढायचे तसे पुढंमागं ताणलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात. हे हातानं हळू फिरवून बघताना अंगावर काटा आला बघा.

छपाई एकदम स्वच्छ. खालची पिन मात्र ढिली, डबा डगमगतोय, मी वॉशर घालून नीट केला. माहितीपत्रकात मारेचं नावच नाही हे मला खटकलं, 1882 मध्ये बंदुकीसारख्या कॅमेऱ्यानं सेकंदाला 12 फोटो काढून उडते पक्षी टिपणारा माणूस तो!

आमच्याकडं शर्यतीच्या बैलांचं वेड, त्यामुळं पुतण्या लगेच म्हणाला, काका बैलाची पट्टी कुठाय? ती नाहीये. कोऱ्या पट्ट्या दोन दिल्यात, त्यावर आता आम्हीच काढतोय.