टोयोटा एवढी का टिकते? इचलकरंजीकराचा सविस्तर रिव्ह्यू

"टोयोटा घे डोळे झाकून, इंजिनला काय होत नाही" हे आपल्याकडं कुठल्याही गाडीच्या गप्पांत कोणतरी म्हणतंच. पण का होत नाही हे फारसं कोणी सांगत नाही. मी इचलकरंजीचा, घरात पिढीजात माग, आणि घरच्या इनोव्हाचं मागचं सीट म्हणजे निम्मं आयुष्य सुताच्या कोनांच्या पोत्यांखाली गेलेलं. टोयोटाची सगळी गोष्ट मागापासूनच सुरू होते, म्हणून हा रिव्ह्यू नुसता मायलेज आणि सनरूफचा नाही, आधी थोडा इतिहास लिहितो, कारण तो कळल्याशिवाय या गाड्या अशा का आहेत ते कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

टोयोटाच्या मुळाशी असलेला साकिची टोयोडा हा माणूस १८६७ चा, सुताराचा मुलगा. गावात बायका हातमागावर राबताना बघून यानं १८९० ला लाकडी हातमाग सुधारला आणि १८९६ ला स्वतःचा यंत्रमाग काढला, ज्यात आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. आता ज्यांनी मागावर काम केलंय त्यांना हे काय चीज आहे ते लगेच कळेल. साध्या मागावर धागा तुटला आणि कामगाराचं लक्ष दुसरीकडं असलं तर माग चालतच राहतो, खटखट खटखट, आणि पुढचं कापड फॉल्टी निघतं, ते फोल्डिंगला, म्हणजे कापड तपासून घडी घालायला गेल्यावर कळतं, तोवर सूतही गेलं, वीजही गेली आणि व्यापारी भाव पाडायला मोकळा. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ ला आणला, आणि आजही गावात साध्या मागांवर माणूस डोळ्यात तेल घालून उभा असतो. साकिचीनं १९२४ ला जी टाइप नावाचा माग पूर्ण केला, त्यात माग न थांबवता धोटा (आडवा धागा इकडून तिकडं नेणारा) बदलायचा, आणि उभा किंवा आडवा कुठलाही धागा तुटला की माग जागच्या जागी बंद. एक माणूस तीसच्या वर माग सांभाळायला लागला. १९२९ ला इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं, म्हणजे ज्यांच्या देशातनं जगभर माग जायचे त्यांनीच, या मागाचे हक्क पैसे मोजून विकत घेतले.

माझ्या मते टोयोटाचं सगळं नाव या एका गोष्टीवर उभं आहे, चूक झाली की तिथंच थांबायचं, पुढं ढकलायची नाही.

साकिचीचा मुलगा किइचिरो. यानं १९३३ ला मागाच्या कारखान्यातच मोटारीचं खातं सुरू केलं, १९३५ ला पहिला नमुना आणि ट्रक, १९३६ ला एए मॉडेलची कार, आणि १९३७ ला टोयोटा मोटर वेगळी कंपनी झाली. पण सगळं सुरळीत झालं असं नाही हां. युद्धानंतर कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली, माणसं कमी करायची वेळ आली, मोठा संप झाला आणि १९५० ला किइचिरोनं राजीनामा दिला. त्याच्या जागी आला इशिदा ताइझो, जो मागाच्या कंपनीचाच प्रमुख होता! लगेच कोरियाचं युद्ध सुरू झालं, अमेरिकन सैन्याच्या ट्रकच्या ऑर्डरी आल्या आणि कंपनी वाचली. किइचिरो १९५२ ला गेला, कंपनी मोठी झालेली त्याला बघायला मिळाली नाही, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं.

मग ताइइची ओनो. हा पण मूळचा मागाच्या कंपनीतला. कापडाच्या कारखान्यात जे बघितलं ते यानं मोटारीच्या लायनीवर आणलं. लायनीवरच्या साध्यातल्या साध्या कामगाराला दोरी ओढून अडचण सांगायचा आणि गरज पडली तर लाइन थांबवायचा हक्क, याला अँडन म्हणतात. पार्ट लागेल तेव्हा लागेल तेवढाच मागवायचा, त्याची चिठ्ठी म्हणजे कानबान. आणि बिघाड झाला की "का" हे पाच वेळा विचारायचं. म्हणजे फ्यूज उडाला, का उडाला, लोड आला, का आला, बेअरिंगला तेल नव्हतं, असं करत मुळापर्यंत जायचं, नुसता फ्यूज बदलून गप्प बसायचं नाही. आमच्याकडचा चांगला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, पण असंच करतो, पण त्याचं कोणी कागदावर लिहून ठेवत नाही. यांनी लिहून ठेवलं, शिकवलं, आणि पुढं जगभरच्या कारखान्यांनी ते उचललं. १९८४ ला तर जनरल मोटर्ससोबत कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला टोयोटानं भागीदारीत कारखाना चालवला, जुनेच कामगार घेऊन, आणि त्याच माणसांच्या हातून चांगला माल काढून दाखवला. त्या जागेत आज टेस्लाचा कारखाना आहे.

नावाजलेल्या गाड्यांबद्दल थोडक्यात. १९५७ ला क्राउन अमेरिकेला पाठवली ती तिथल्या हायवेच्या स्पीडला टिकली नाही, माघार घ्यावी लागली. मग १९६६ ची कोरोला, जी जगात ५ कोटींच्या वर विकली गेली. लँड क्रूझरचं मूळ १९५१ चं, हायलक्स १९६८ ची, या दोन गाड्या वाळवंटात आणि आफ्रिकेत काय करतात ते सगळ्यांना माहितीय. १९८९ ला लेक्सस हा महागड्या गाड्यांचा ब्रँड, १९९७ ला प्रियस, हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही) म्हणजे काय हे लोकांना प्रियसमुळंच कळलं.

आता आपल्याकडं. १९९७ ला टोयोटा किर्लोस्कर मोटर झाली, कारखाना बंगळूरजवळ बिदादीला. किर्लोस्कर म्हणजे तेच, लक्ष्मणरावांचे, बेळगावच्या सायकलच्या दुकानापासून लोखंडी नांगरापर्यंत आणि मग १९१० ला किर्लोस्करवाडी. आणि यातही माग-कापड आहेच बरं का, मोटारीच्या आधी १९९५ ला किर्लोस्कर आणि टोयोडा (साकिचीची मागाची कंपनी) यांची पहिली भागीदारी झाली ती कापडगिरणीच्या यंत्रांसाठी. विक्रम किर्लोस्करांनी हे सगळं उभं केलं, ते २०२२ च्या नोव्हेंबरात अचानक गेले, हायक्रॉस ही नवी इनोव्हा लोकांसमोर येऊन काही दिवसच झाले होते.

२००० च्या जानेवारीत क्वालिस आली. दिसायला डबाच, इंडोनेशियातल्या जुन्या किजांगवर बेतलेली, लोकांनी नावं ठेवली. पण मागं माणसं कोंबा, वर कॅरिअरला सामान बांधा, पंढरपूर करा, कोकणात उतरा, परत या, तेल-पाणी बघा, परत काढा. ड्रायव्हर लोकांनी ही गाडी मोठी केली, जाहिरातीनं नाही. आणि मग टोयोटानं जे केलं ते करायला छाती लागते, क्वालिस जोरात विकली जात असतानाच २००५ ला बंद करून इनोव्हा आणली. तेव्हा सगळे म्हणाले चालत्या धंद्याला कुलूप लावलं. आज इनोव्हा म्हणजे काय आहे ते शिर्डीच्या पार्किंगमध्ये उभं राहून बघा.

आमच्या घरी आहे ती जुनी, अडीच लिटर डिझेलची. इंजिन थोडं घरघरतं, पिकअपची घाई नसलेलं, पण दिवसभर एका लयीत ओढतं. मधल्या रांगेत बसून कोल्हापूर ते पुणे केलं तरी म्हाताऱ्या माणसांची कंबर धरत नाही, माझी आज्जी दुसऱ्या कुठल्या गाडीत बसायलाच तयार नसते. एसी मागच्या रांगेपर्यंत पोचतो. गावातल्या साध्या गॅरेजवाल्यालाही हिचं सगळं पाठ आहे, हा फायदा कुठल्याच ब्रोशरमध्ये लिहिलेला नसतो पण आंबा घाटात रात्री अडचण आली की कळतो. तिसरी रांग मोठ्यांना लांबच्या प्रवासाला त्रासाचीच, आणि तिथं माणसं बसली की सामानाला जागा उरत नाही. जुनी आहे म्हणून सुरक्षेच्या बाबतीत आजच्या गाड्यांशी तुलना करू नका, ते खरंच योग्य नाही.

सगळंच चांगलं लिहायला बसलेलो नाही, वाईटही लिहितो. २०१० च्या डिसेंबरात इटिऑस आली, मेकॅनिकल बाजू मजबूत, टॅक्सीवाल्यांनी उचलून धरली, पण आतलं प्लास्टिक आणि मीटर डॅशबोर्डच्या मध्यभागी, एवढे पैसे देऊन घरच्या माणसाला ते कसं आवडणार? फॅमिलीवाले फिरकले नाहीत आणि २०२० ला बंद झाली. आणि २०१९ पासून सुझुकीच्या गाड्या टोयोटाचा बिल्ला लावून येतात, ग्लान्झा म्हणजे बलेनो, रुमिअन म्हणजे अर्टिगा, टायसर म्हणजे फ्रॉन्क्स. गाड्या वाईट नाहीत, वॉरंटी स्टँडर्डच ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरची मिळते, पण "टोयोटा आहे म्हणजे लँड क्रूझरच्या रक्ताची" असं समजून कोणी ग्लान्झा घेत असेल तर ते बरोबर नाही, इंजिन मारुतीचंच आहे.

त्याहून मोठं म्हणजे २००९-१० चं प्रकरण. अमेरिकेत गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी, पायपुसणं पेडलला अडकणं, पेडल चिकटणं, लाखो गाड्या परत बोलवल्या, माणसं गेली. किइचिरोचा नातू अकियो टोयोडा स्वतः २०१० च्या फेब्रुवारीत अमेरिकन संसदेसमोर बसला आणि म्हणाला की आम्ही माणसं तयार करायच्या वेगापेक्षा जास्त वेगानं वाढत गेलो. तपासात इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही हे खरं, पण ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ ला १२० कोटी डॉलर भरावे लागले हेही खरं. आणि २०२३ च्या डिसेंबरात दाइहात्सु या त्यांच्याच कंपनीत सुरक्षा चाचण्यांचे घोळ निघाले, लगेच २०२४ च्या जानेवारीत टोयोटा इंडस्ट्रीजमध्ये डिझेल इंजिनांच्या ताकदीच्या चाचणीत गडबड निघाली. आपल्याकडंही इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स काही दिवस पाठवायच्या थांबवल्या होत्या. टोयोटा इंडस्ट्रीज म्हणजे कोण माहितीय? तीच साकिचीची मागाची कंपनी! ज्या घरात धागा तुटला की माग थांबायचा त्याच घरात आकडे पुढं ढकलले गेले, याचा मला कुठल्याही बिघाडापेक्षा जास्त राग आला. गाडी रस्त्यावर धोकादायक होती असं नाही निघालं, पण धंदा विश्वासावरच तर चालतो.

तर घ्यायची कुठली. भाड्याला लावायची असेल, रोज जास्त रनिंग, घाट, खराब रस्ते, माणसं आणि माल दोन्ही, तर २०१६ ला आलेली क्रिस्टा डिझेलच. लॅडर फ्रेम (ट्रकसारखी वेगळ्या चासीवर बसवलेली बॉडी), मागची चाकं ओढणारी, २.४ लिटर, दीडशे पीएस ताकद, आणि फक्त मॅन्युअलमध्ये उरलीय. मध्ये बंद झाली होती, लोकांनी एवढी मागणी केली की २०२३ ला परत आणावी लागली. घरची गाडी, शहरात जास्त, सहा-सात माणसं, तर हायक्रॉस हायब्रिड. पुढची चाकं ओढणारी, मोनोकॉक (चासी आणि बॉडी एकच) बॉडी, आतून लई शांत, कंपनी लिटरला २३.२४ किलोमीटरचं मायलेज सांगते, तेवढं प्रत्येकाला पडेल असं समजू नका पण एवढ्या अंगाच्या पेट्रोल गाडीला जे पडतं ते बघून डिझेलवाला पण गप्प होतो. बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, त्यामुळं बॅटरीची भीती घालणाऱ्यांकडं लक्ष देऊ नका. साधं पेट्रोल व्हेरिएंट मात्र मी सुचवणार नाही, हायब्रिडचे जास्तीचे पैसे घाला नाहीतर थांबा. फॉर्च्युनरबद्दल एवढंच, गाडी दणकट आहे, पण एवढ्या पैशात आत बसणाऱ्याला मिळणारा आराम कमी वाटतो, शेतावर किंवा खरंच वाईट रस्त्यावर जाणार नसाल तर हायक्रॉसच बरी.

जुनी इनोव्हा घेणाऱ्यांनो, इथं जास्त काळजी घ्या, कारण रीसेल किंमत चढी असल्यानं हिच्यात फसवणूक पण जास्त होते. मीटरवरच्या आकड्यावर जाऊ नका. ब्रेक आणि क्लच पेडलचं रबर, स्टेअरिंगची झिजलेली बाजू आणि मधल्या सीटचे रुळ बघा, भाड्याला चाललेली गाडी तिथं लपत नाही. आधी पिवळी पाटी होती का ते आरसीवर बघा. सर्व्हिस हिस्टरी गाडी नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमधून काढून घ्या, विकणाऱ्यानं दाखवलेल्या कागदावर विसंबू नका. सकाळी थंड इंजिन तुमच्यासमोर चालू करायला सांगा, आधीच गरम करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी परत या. आणि डिझेल असेल तर एकदा इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे पार्ट) चेक करून घ्या, चार नवे टाकायचे म्हणजे खर्च मोठा आहे.