घरच्या डीबीची दुरुस्ती : आधी मोजून मग हात घालणारी सेवा

घरातील डीबीमधला (घरभर वीज वाटणाऱ्या पेटीतला) एक एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास आपोआप बंद होणारा स्विच) वारंवार पडू, म्हणजे आपोआप बंद होऊ लागल्यामुळे आम्ही परवानाधारक इलेक्ट्रिशियनची सेवा घेतली आणि ते काम अतिशय चांगले झाले. चांगले का म्हणायचे, हे मात्र तपशिलात सांगायला हवे. कारण झाकण बसवल्यानंतर नीट केलेली आणि कशीतरी उरकलेली दुरुस्ती बाहेरून सारखीच दिसते.

त्याआधी आलेल्या एका कारागिराने डीबीचे झाकणही न काढता निदान केले होते : घरातला लोड वाढला आहे, 16 अँपिअरचा एमसीबी काढून 32 अँपिअरचा बसवू, म्हणजे पुन्हा पडणार नाही. पडला नसता, हे खरे आहे. परंतु एमसीबी प्रामुख्याने भिंतीतल्या वायरच्या रक्षणासाठी असतो. त्या सर्किटला 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे आणि पाइपातून भिंतीच्या आत नेलेल्या अशा वायरने 32 अँपिअरचा भार सतत वाहावा अशी अपेक्षा करणे धोक्याचे आहे. वायर तापत राहिली असती आणि वीज तोडणारे मध्ये काहीच उरले नसते. त्यामुळे ते काम आम्ही करू दिले नाही.

नवा इलेक्ट्रिशियन शोधताना ओळखीपाळखीपेक्षा फोनवर मिळणाऱ्या उत्तरांकडे अधिक लक्ष दिले. परवाना सध्या वैध आहे का, इन्सुलेशन तपासण्याचा मेगर स्वतःजवळ आहे का आणि काम संपल्यावर रीडिंग लेखी मिळेल का, एवढेच विचारत होतो. बहुतेकांनी ‘आल्यावर बघू’ म्हणून विषय संपवला. ज्यांची निवड केली, त्यांनी उलट आम्हालाच प्रश्न विचारला : एमसीबी बटण वर करताच पडतो, की काही वेळाने? या एका प्रश्नावरून त्यांची समज लक्षात आली. लगेच पडत असेल तर शॉर्ट सर्किटचा संशय घ्यावा लागतो, आणि काही वेळ चालून पडत असेल तर उष्णतेचा. आमचा दुसऱ्या प्रकारात मोडत होता.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात त्यांनी क्लॅम्प मीटरने केली. नेहमीची उपकरणे चालू ठेवून त्या सर्किटचा प्रवाह मोजला, तो 11 अँपिअर भरला. म्हणजे लोड मर्यादेच्या आतच होता. त्यानंतर मेन स्विच बंद केला, पण तेवढ्यावर त्यांनी भरवसा ठेवला नाही. मेन बंद असला तरी त्याच्या वरच्या बाजूच्या टर्मिनलवर मीटरकडून येणारी वीज जिवंतच असते, हे दाखवून त्यांनी मीटरजवळचा पुरवठाही तोडला. मग टेस्टर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून पाहिला, नंतर डीबीमध्ये लावला आणि पुन्हा चालू ठिकाणी लावून तो ठीक असल्याची खात्री केली. बंद पडलेला टेस्टर जिवंत तारेवरही गप्प राहतो, म्हणून ही तिहेरी तपासणी. घाईत असलेला माणूस नेमकी हीच पायरी गाळतो.

झाकण निघाल्यावर कारण समोरच होते. एमसीबीच्या खालच्या टर्मिनलमध्ये फेजच्या वायरच्या अर्ध्याच तारा स्क्रूखाली होत्या, बाकीच्या बाहेर वळलेल्या होत्या आणि लाल इन्सुलेशन टोकाशी काळे पडून कडक झाले होते. अशा सैल जोडाचा रोध 0.1 ओहम जरी धरला, तरी 11 अँपिअरला सुमारे 12 वॉट उष्णता त्या स्क्रूएवढ्या जागेत निर्माण होते. ती एमसीबीच्या आतल्या, तापल्यावर वाकून त्याला पाडणाऱ्या द्विधातू पट्टीपर्यंत पोहोचते आणि प्रवाह मर्यादेत असतानाही एमसीबी पडतो. तो बिचारा योग्य तेच सांगत होता. 32 अँपिअरचा बसवला असता, तर हा इशारा बंद झाला असता आणि जोड जळत राहिला असता.

त्यांनी काळा भाग कापून चकचकीत तांबे लागेपर्यंत वायर सोलली, टोकाला पिन लग (सर्व तारा एकत्र धरणारे धातूचे टोक) दाबून बसवला आणि टर्मिनल तापून खराब झाल्यामुळे एमसीबी बदलला. नवाही 16 अँपिअरचाच. स्क्रू कंपनीने दिलेल्या मापाप्रमाणे टॉर्क स्क्रूड्रायव्हरने आवळला. उरलेले सर्व स्क्रूही तपासले, तेव्हा न्यूट्रलच्या पट्टीवर आणखी एक सैल जोड सापडला. उपकरणे काढून ठेवून 500 व्होल्ट डीसीवर इन्सुलेशनचा रोध मोजला. किमान 1 मेगाओहम अपेक्षित असते, आमचे सर्व आकडे त्याहून बरेच वर आले. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) केवळ त्याचे टेस्ट बटण दाबून पास केला नाही, तर यंत्राने वेळ मोजून पाहिला. अशा आरसीसीबीने या गळतीला 300 मिलिसेकंदांच्या आत पडायला हवे आणि तो पडला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ठरलेल्या वेळेपेक्षा ते बऱ्याच उशिरा आले आणि आधी कळवले नाही. पहिल्या बिलात मजुरी व साहित्य एकत्रच होते, ते वेगळे करून मागावे लागले. कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा, याच्या चिठ्ठ्याही विनंती केल्यावरच लावल्या. पॅनेल उघडणाऱ्या प्रत्येकाने हे काम न सांगता करावे, असे माझे ठाम मत आहे. जुना एमसीबी मात्र न मागता आमच्या हाती दिला आणि रीडिंगचा कागद सही व तारीख घालून डीबीच्या दारात आतून चिकटवला. अर्थिंगचा रोध मोजायला वेगळी जोडणी लागते, म्हणून ते काम त्यांनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवले आहे आणि तेही आम्ही त्यांच्याकडूनच करून घेणार आहोत.