दुकानाने ‘तपासून दिलेलं’ क्लॅरिनेट: पावसाळा उलटल्यावरचा अनुभव

प्लास्टिक बॉडी, १७ चाव्या, बोएम सिस्टिम (चाव्यांची एक प्रचलित मांडणी). पुण्यातल्या ज्या दुकानातून घेतलं, तिथे केसवर ‘तपासून दिले आहे’ अशी चिठ्ठी होती आणि सेल्समनने वाजवूनही दाखवलं. पण वाजवले ते सगळे डाव्या हाताचे सूर! खालच्या जॉइंटमधून, म्हणजे उजव्या हाताखालच्या भागातून, हवा गळत असली तरी ते सूर छानच येणार.

घरी खालचा ई, म्हणजे वाद्याचा सगळ्यात खालचा सूर, कधी सरळ लागला नाही. हळू फुंकलं तर गप्प, जोर दिला तर चिरका. रजिस्टर की (सूर वरच्या सप्तकात नेणारी चावी) दाबली की त्याच बोटांवर वरच्या सप्तकातला पंचम, म्हणजे बी, यायला हवा, तोही अडखळायचा. दुकानाला फोन केला, तर म्हणे रीड (तोंडाशी बसवलेली, फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी) बदला. दोन नंबर, अडीच नंबर, असे कमी-जास्त कडक सगळे घेऊन झाले. रीड काय भावाने मिळतात ते घेणाऱ्यालाच ठाऊक. पाऊस सुरू झाल्यावर नवीन कारण आलं: दमट हवेने पॅड, म्हणजे भोकं झाकणाऱ्या चाव्यांखालच्या मऊ गाद्या, फुगतात. पॅड फुगतात हे खरंच आहे, पण माझ्या फोनमधल्या मे महिन्यातल्या रेकॉर्डिंगमध्येही हाच चिरका आवाज आहे.

शेवटी बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करणाऱ्या पेठेतल्या एका काकांकडे गेलो. त्यांनी खालचा जॉइंट वेगळा केला, भोकं आणि खालच्या चाव्या बोटांनी बंद केल्या, एका टोकाला तळहात लावून दुसरीकडून हवा ओढली. ओढ टिकेचना, म्हणजे कुठून तरी हवा गळत होती. मग सिगारेटच्या कागदाची पट्टी एकेका पॅडखाली धरून ओढत गेले. उजव्या करंगळीच्या ए फ्लॅट चावीखालून ती एका बाजूने सहज निसटली. पॅड वाकडंच बसवलेलं होतं. नवीन बसवून दिलं, पैसे रीडच्या एका डब्यापेक्षा कमी घेतले.

मधल्या काळात वाद्य विकायला काढलं होतं, ते आता अजिबात विकणार नाही. खालचा ई इतका भरदार लागतो की रियाज थांबवावासा वाटत नाही. शिवाय लाकडी वाद्यासारखी तडा जाण्याची धास्ती नाही.

दुकान मात्र ‘पॅड वॉरंटीत नाही’ यावर अडून आहे. अहो, पॅड झिजलं नव्हतं, विकतानाच गळत होतं! ही तपासणी काउंटरवर दोन मिनिटांत होते. घ्यायला जाल तेव्हा खालचा ई हळू आणि लांब वाजवून मागा, मग तोच रजिस्टर की लावून. टाळाटाळ झाली तर पैसे देऊ नका.

वाद्याला चार तारे, दुकानाला एक. रीडचे पैसे मी अजून मागतोच आहे.