चार फुटी लाकडी व्हिव्हेरियम, आठ महिन्यांनंतर : फट अजून आहेच

जानेवारीत मी साप ठेवायच्या याच पेटीला (व्हिव्हेरियम म्हणतात ते हेच) पाचपैकी एक तारा दिला होता. डोकं फिरलेलं होतं तेव्हा. आज तीन देतोय. का, ते पुढं येईलच, पण दोन तारे अजून अडवून ठेवलेत ते त्या फटीमुळं.

पेटी नेहमीचीच. ४ बाय २ बाय २ फूट, लॅमिनेटचा चिपबोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी), पुढं दोन सरकत्या काचा, १३९ पौंड. जोडायला आम्हा नवराबायकोला दीड तास लागला. बायको अडीच म्हणते. आत राहते एक वर्षाची कॉर्न स्नेक. आली तेव्हा दोन फूट लांब आणि करंगळीएवढी जाड होती. जात अमेरिकेतली, पण आपल्या धामणीच्या नात्यातली, म्हणून लेकीनं नाव ठेवलं धामणेबाई.

आता फट. दोन काचा वेगवेगळ्या खोबणीत सरकतात, त्यामुळं त्या जिथं एकमेकींवर येतात तिथं मधे जागा राहते. राहू दे, पण किती? मी व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावला. वर ४.५ मिलिमीटर, खाली ५.२. म्हणजे नुसती फट नाही, चौकटच काटकोनात नाही! बायको म्हणाली, "अर्ध्या मिलिमीटरसाठी रविवार घालवलास." अर्धा नाही, ०.७.

उष्णतेचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं चूक माझीच होती. थर्मोस्टॅटचे (तापमान ठरल्या अंशावर आवरणारं यंत्र) ४० पौंड वाचवायला मी आधी नुसती हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, घेतली. लाकडाखालून ऊब वर येत नाही म्हणून ती आत अंथरली, वर ॲस्पेन लाकडाचा भुसा टाकला. चार दिवसांनी भुसा बाजूला करून इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर ४३ अंश! सापाला ऊन कोपऱ्यात साधारण ३० ते ३२ अंश पुरतात आणि दुसऱ्या टोकाला २४च्या आसपास. भाजत असलं तरी साप चटकन उठून जाईलच, असा भरवसा नसतो. पोटाला भाजलेले साप डॉक्टरकडं येतात ते असेच. मॅट त्याच दिवशी बंद केली. आता छताला १०० वॉटचा सिरॅमिक हीटर आहे, त्याला जाळी आहे (जाळी हवीच, ही बया वर चढते) आणि पल्स थर्मोस्टॅट आहे. हीटर सतत पेटलेला नसतो. दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास वीज खातो, म्हणजे महिन्याला नऊ-दहा पौंड. बिल बघून मी गप्प बसलो. इथं इंग्लंडात, रेडिंगच्या हिवाळ्यात आम्ही स्वतः स्वेटर घालून बसतो आणि बाईसाहेबांना ३१ अंश.

लाकडी पेटीच्या बाजूनं एक सांगायलाच हवं. काचेच्या टाकीपेक्षा ऊब ही कितीतरी जास्त धरते. इथं मी खूश आहे.

लपायच्या जागा दोन लागतात, एक ऊन टोकाला, एक गार टोकाला. एकच ठेवली तर साप भीतीपोटी चुकीच्या तापमानात बसून राहतो. ऊन बाजूला १८ पौंडांची नकली दगडी गुहा घेतली. गार बाजूला काय ठेवलं? श्रीखंडाचा किलोचा डबा. झाकणाला भोक पाडलं, कडा मेणबत्तीवर गुळगुळीत केल्या, आत ओलं स्फॅग्नम मॉस (एक शेवाळ) भरलं. धामणेबाई आठ महिन्यांत त्या गुहेत मोजून दोनदा गेल्यात. कात टाकायच्या आधी डोळे निळसर झाले की मुक्काम डब्यात, आणि कात निघते ती डोळ्यांवरच्या चकत्यांसकट, एका अख्ख्या तुकड्यात. कंपनीनं पेटीला चिकटवलेला घड्याळासारखा आर्द्रतामापक मात्र कायम ५० दाखवतो. मी तो फ्रीजमध्ये ठेवून बघितला. ५०. शेवटी नऊ पौंडांचा डिजिटल घेतला.

तर, जानेवारी. एका सकाळी पेटी रिकामी. आईला व्हिडिओ कॉलवर सांगायची चूक केली. आमचं गाव शिराळा तालुक्यात. "बत्तीस शिराळ्यात जिवंत नाग पुजायला कोर्टानं बंदी घातली, आन् तू पैसं मोजून घरात आणलास? वर हरवलास बी?" तिकडं धामण पाळणं हा कायद्यानं गुन्हा आहे आणि ही परदेशी जात इथं बिनापरवाना चालते, हे मी तिला समजावलं. "मंग शोध की," म्हणाली.

तीन रात्री शोधलं. मुदत संपलेलं तांदळाचं पीठ दारादारांत चाळून ठेवलं, माग उमटावा म्हणून. तिसऱ्या पहाटे स्वयंपाकघरात पिठावर एक नागमोडी रेघ होती. ओट्याखालची पट्टी काढली तर गरम पाण्याच्या पाइपला वेटोळं घालून बाई निवांत.

कंपनीला त्याच दिवशी मेल केला, व्हर्निअरचे फोटो जोडून. उत्तर आलं : फट ठरलेल्या मर्यादेत आहे. मर्यादा किती, विचारलं. उत्तर : कृपया फोटो पाठवा. सात मेल झाले. शेवटी त्यांनी काचेला लावायचं कुलूप फुकट पाठवलं, किंमत चार पौंड. मी ते लावलं, एक तारा दिला आणि फटीत पारदर्शक पट्टी चिकटवली.

मार्चमध्ये रात्री अकराला पाणी प्यायला उठलो तर पेटीच्या मागून डोकं बाहेर. काचेच्या बाजूनं नाही, मागच्या फळीतून! तिथं वायरसाठी चार सेंटिमीटरचं भोक असतं. त्यावर प्लॅस्टिकचं झाकण येतं, आणि थर्मोस्टॅटची वायर घालताना ते काढून मी खिळ्यांच्या डबीत ठेवलं होतं. डबीत सापडलंही. आता वायरभोवती जाड फोम ठासून बसवलाय.

म्हणजे जानेवारीतही ती तिथूनच गेली असणार. करंगळीएवढी बाई ५ मिलिमीटरमधून गेली, हे इंजिनिअर असून मी मान्य कसं केलं, असं बायको विचारते. म्हणून दोन तारे वाढवले. पण अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू पेन्सिलीएवढं असतं. ते आणणाऱ्यानं फटीवर पट्टी लावावीच, किंवा पहिलं वर्ष त्याला झाकणाच्या लहान टबात ठेवावं.

अजून एक, जे मला कुणी सांगितलं नाही. भुसा घालण्याआधी तळाच्या सांध्यांत मत्स्यटाकीचं सिलिकॉन भरा आणि वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवा. मी सहा पौंड वाचवले. पाण्याचं भांडं बाई अंघोळीला वापरतात, पाणी सांडतं, आणि त्या कोपऱ्यातला चिपबोर्ड फुगलाय. चौकट थोडी उचलली गेलीये.

काल परत व्हर्निअर लावला. खाली ५.८.