आन्कीवर स्पॅनिशची आत्मवाचक क्रियापदे: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

स्पॅनिश शिकणाऱ्यांची आत्मवाचक क्रियापदांशी, म्हणजे कर्त्याच्याच पुरुषाचे 'मे', 'ते', 'से' असे सर्वनाम सोबत घेणाऱ्या क्रियापदांशी, पहिली गाठ बहुधा दिनचर्येच्या धड्यात पडते. उठणे, आंघोळ करणे, कपडे घालणे, आडवे होणे अशी ती क्रियापदे असतात आणि तक्ता अवघा सहा ओळींचा असल्यामुळे धडा सोपा वाटतो. उठणे या अर्थाच्या 'लेबान्तार्से'ची वर्तमानकाळाची रूपे पाहा: मे लेबान्तो, ते लेबान्तास, से लेबान्ता, नोस लेबान्तामोस, ओस लेबान्ताइस, से लेबान्तान. तक्ता दोन दिवसांत तोंडपाठ होतो, आणि तरीही बोलण्याची वेळ आली की सर्वनाम गळून पडते किंवा भलत्याच जागी जाऊन बसते. ही अडचण दूर करण्यासाठी मी गेले आठ-नऊ महिने आन्की हे कार्डांचे अ‍ॅप जवळजवळ रोज वापरत आहे. रूपे आणि सर्वनामाची जागा जिभेवर बसवण्यासाठी ते अतिशय उपयोगी आहे; मात्र क्रियापदाला 'से' लावायचे की नाही, हा निर्णय ते शिकवू शकत नाही. (स्पॅनिश शब्द येथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, रोमन लिपीत जेथे 'व' दिसतो, तेथे उच्चार 'ब'चाच असतो.)

अ‍ॅपविषयी थोडक्यात सांगते, कारण त्याची माहिती सर्वत्र मिळते. डेमियन एल्म्स यांनी 2006 मध्ये सुरू केलेले हे सॉफ्टवेअर संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत मिळते. आयफोनवरील आवृत्तीला पैसे पडतात. कार्डाचे उत्तर आठवले की नाही हे आपण स्वतः सांगायचे आणि त्यानुसार ते कार्ड पुन्हा केव्हा दाखवायचे हे अ‍ॅपने ठरवायचे, एवढेच त्याचे तत्त्व आहे. 23.10 या आवृत्तीपासून त्यात एफएसआरएस नावाची नवी गणनपद्धत आली. तीत आपल्याला किती टक्के उत्तरे आठवायला हवीत हे आधी सांगता येते आणि मूळ आकडा 90 टक्के असतो. तो मी तसाच ठेवला आहे.

सुरुवातीला मी इतर कोणी तरी तयार केलेला क्रियापदांचा एक संच उतरवून घेतला होता. त्यात पुढच्या बाजूला 'लेबान्तार्से, तू, वर्तमान' असे आणि मागे 'ते लेबान्तास' असे उत्तर होते. हे म्हणजे तक्त्याचेच कात्रीने केलेले तुकडे. अशा कार्डांवर गुण चांगले पडतात. परंतु प्रत्यक्ष वाक्यात पुरुष, काळ आणि क्रियापद यांची नावे कोणी आपल्या हातात आणून देत नाही, ती आपल्यालाच अर्थावरून हुडकावी लागतात. म्हणून तो संच बाजूला ठेवून मी रिकाम्या जागांची वाक्ये स्वतः रचली.

या वाक्यांच्या रचनेत एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: सर्वनाम आणि क्रियापद मिळून रिकामी जागा एकच असावी. 'मानिआना मे ___ तेम्प्रानो', म्हणजे 'उद्या मी लवकर उठते', असे वाक्य ठेवले तर 'मे' हे समोर दिसणारे सर्वनामच पुरुष सांगून टाकते आणि उरते ती फक्त प्रत्ययाची कसरत. उलट केवळ सर्वनाम झाकले तर क्रियापदाचा 'ओ' हा शेवट चुगली करतो. दोन्ही एकत्र झाकली आणि 'मे लेबान्तो' हा जोडशब्दासारखा एका दमात आठवावा लागला, तरच बोलताना तो एका दमात बाहेर येतो. त्याचबरोबर एकाच वाक्यापासून निघालेली भावंड-कार्डे त्याच दिवशी समोर येऊ नयेत, यासाठी सेटिंगमध्ये ती दुसऱ्या दिवसावर ढकलण्याचा जो पर्याय आहे, तो चालू करावा. नाही तर 'से लेबान्ता' पाहिल्यावर पाचव्या मिनिटाला 'से लेबान्तान' आठवण्यात काही कर्तृत्व राहत नाही.

उत्तर टंकून देण्याची सोयही मी चालू ठेवली आहे. अ‍ॅप टंकलेले उत्तर अक्षरशः तपासते आणि चुकलेले अक्षर लाल रंगात दाखवते. हे अनेकांना जाचक वाटेल, पण आत्मवाचक क्रियापदांत स्वरावरचे आघातचिन्ह केवळ शोभेचे नसल्यामुळे मला ते हवेसेच वाटते. ते का, हे पुढे आज्ञार्थाच्या संदर्भात येईलच.

वर्तमानकाळात खरा त्रास सर्वनामाचा नसून धातूच्या स्वराचा आहे. आडवे होणे या अर्थाच्या 'आकोस्तार्से'त 'ओ'चा 'उए' होतो: मे आकुएस्तो, ते आकुएस्तास, से आकुएस्ता, पण नोस आकोस्तामोस आणि ओस आकोस्ताइस, आणि पुन्हा से आकुएस्तान. आघात धातूवर पडतो तेथे स्वर बदलतो, प्रत्ययावर सरकतो तेथे तो मूळ रूपात राहतो, एवढा नियम लक्षात ठेवला की पुरते. कपडे घालणे, म्हणजे 'बेस्तीर्से', याहून खट्याळ आहे. तेथे 'ए'चा 'इ' होतो (मे बिस्तो, से बिस्ते) आणि हा बदल पूर्ण भूतकाळात केवळ तृतीय पुरुषात टिकतो: मे बेस्ती, ते बेस्तीस्ते, पण से बिस्तिओ आणि से बिस्तिएरोन. 'नोस बेस्तीमोस' हे रूप तर वर्तमान आणि भूत दोन्हीकडे सारखेच आहे, त्यामुळे कार्डावर 'आयेर', म्हणजे 'काल', असा एखादा शब्द ठेवल्याशिवाय प्रश्नच पूर्ण होत नाही.

'मे सिएन्तो' या रूपाने मला सर्वांत जास्त छळले. 'सेन्तार्से' म्हणजे बसणे आणि 'सेन्तीर्से' म्हणजे वाटणे किंवा प्रकृती अमुक असणे. दोन्हींचे प्रथमपुरुषी एकवचन अगदी एकच आहे. 'मे सिएन्तो आकी' म्हणजे मी इथे बसते, 'मे सिएन्तो बिएन' म्हणजे मला बरे वाटते आहे. पुढे वाटा फुटतात: बसणाऱ्याचे 'से सिएन्ता', तर वाटणाऱ्याचे 'से सिएन्ते'. एखादे कार्ड आठ वेळा विसरले गेले की आन्की मूळ सेटिंगप्रमाणे त्याला 'लीच', म्हणजे जळू, ठरवते. माझ्या पहिल्या जळवा बहुतेक याच दोन क्रियापदांच्या होत्या. दोन्हींची तृतीयपुरुषी रूपे एकाच लांब वाक्यात शेजारीशेजारी आणल्यावर, म्हणजे 'तो बसतो, कारण त्याला बरे वाटत नाही' अशा अर्थाचे वाक्य केल्यावर, गोंधळ थांबला.

सर्वनामाच्या जागेसाठी मात्र आन्कीला तोड नाही. काळ आणि पुरुष दाखवणाऱ्या रूपापूर्वी सर्वनाम सुटे लिहायचे आणि मूळ क्रियापद, चालू क्रियेचे रूप व होकारार्थी आज्ञा यांना ते शेवटी चिकटवायचे, हा नियम वाचायला अर्धे मिनिट लागते आणि अंगवळणी पडायला महिने जातात. 'मी उठणार आहे' हे 'बोय आ लेबान्तार्मे' असेही म्हणता येते आणि 'मे बोय आ लेबान्तार' असेही. 'मी अंग धुते आहे' हे 'एस्तोय लाबान्दोमे' किंवा 'मे एस्तोय लाबान्दो'. दोन्ही बरोबर असल्यामुळे टंकलेल्या उत्तराशी अ‍ॅपचा खटका उडतो, कारण त्याच्याकडे उत्तर एकच असते. म्हणून अशा प्रत्येक कार्डावर मी 'सर्वनाम आधी' किंवा 'सर्वनाम जोडून' अशी मराठीत सूचना लिहिते. मिश्र काळांत ही मोकळीक नाही. 'मी उठले आहे' हे 'मे ए लेबान्तादो' असेच होते आणि त्यात बोलणारी स्त्री असली तरी 'लेबान्तादो' बदलत नाही. 'उठलो' आणि 'उठले' यांची सवय असलेल्या आपल्या जिभेला त्याची विशेष आठवण करून द्यावी लागते.

आज्ञार्थात हे सगळे एकदम अंगावर येते. 'लेबान्ताते' म्हणजे ऊठ. सर्वनाम चिकटल्याने शब्द लांबतो, पण आघात मूळ जागीच, 'बान'वर, राहतो आणि तो तिथे आहे हे दाखवण्यासाठी लिहिताना चिन्ह द्यावेच लागते. नकारात हेच सर्वनाम सुटून पुढे येते आणि क्रियापदाचे रूपही पालटते: 'नो ते लेबान्तेस'. 'चला, बसू या' म्हणताना 'सेन्तेमोस'चा शेवटचा 'स' गळून 'सेन्तेमोनोस' होते. स्पेनमधल्या अनेकवचनी 'बोसोत्रोस'शी, म्हणजे 'तुम्ही'शी, बोलताना 'लेबान्ताद'चा 'द' गळून 'लेबान्ताओस' होते. 'जा, निघा' या अर्थाच्या 'ईर्से'त मात्र हा 'द' टिकतो आणि प्रमाण रूप 'ईदोस' होते. स्पेनमध्ये सर्रास 'ईरोस' म्हणतात, आणि रेआल आकादेमिया एस्पान्योलाने म्हणजे स्पॅनिश भाषेच्या राजेशाही अकादमीने 2017 मध्ये तेही मान्य केले. होकार आणि नकार यांची जोडी एकाच कार्डावर ठेवण्याची पद्धत या प्रकरणात फारच फलदायी ठरली. दोन सुटी कार्डे तेवढा फायदा देत नाहीत.

आता मर्यादेकडे वळते. क्रियापदाला 'से' हवे की नको, हे कार्ड सांगू शकत नाही, कारण ते कार्डावर आधीच ठरलेले असते. ही समज वाचनातून आणि मराठीशी ताडून पाहण्यातूनच आली. मराठीत बसणे हे मूळ क्रियापद आणि बसवणे हे त्याचे प्रयोजक. उठणे आणि उठवणे, निजणे आणि निजवणे हेही तसेच. स्पॅनिशमध्ये ही मांडणी उलटी आहे. 'सेन्तार' म्हणजे बसवणे, 'लेबान्तार' म्हणजे उठवणे किंवा उचलणे, 'आकोस्तार' म्हणजे निजवणे, आणि स्वतः बसायचे, उठायचे, निजायचे असेल तर 'से' जोडावे लागते. आपण जेथे प्रयोजकाचा 'व' घालतो, तेथे स्पॅनिश माणूस 'से' काढून टाकतो, एवढे ध्यानात घेतले तर दिनचर्येची निम्मी क्रियापदे आपोआप जागेवर बसतात. पाठ्यपुस्तके ज्या 'स्वतःला धुणे, स्वतःला उठवणे' या शब्दशः अर्थांनी सुरुवात करतात, त्यांपेक्षा मराठी वाचकाला ही वाट कितीतरी जवळची आहे. 'मे लाबो लास मानोस' या वाक्यातही 'माझे' हा शब्द येत नाही, आणि आपणही 'मी हात धुते' एवढेच म्हणतो.

उरलेल्या निम्म्यांना हा न्याय लागू पडत नाही. 'केहार्से' म्हणजे कुरकुर करणे, 'आर्रेपेन्तीर्से' म्हणजे पस्तावणे आणि 'आत्रेबेर्से' म्हणजे धजावणे, ही क्रियापदे 'से'शिवाय वापरातच नाहीत. काहींचा अर्थ 'से'ने पालटतो: 'ईर' म्हणजे जाणे, तर 'ईर्से' म्हणजे निघून जाणे, 'दोर्मीर' म्हणजे झोपणे, तर 'दोर्मीर्से' म्हणजे डोळा लागणे, 'पारेसेर' म्हणजे वाटणे किंवा दिसणे, तर 'पारेसेर्से' म्हणजे कोणासारखे तरी असणे. अशा जोड्यांसाठी मी कार्डे केली खरी, पण त्यांवर उत्तर बरोबर आले म्हणून बोलताना निवड बरोबर होईलच असे नाही. त्यासाठी बातम्या आणि मुलाखती ऐकणेच भाग आहे.

'से मे कायो एल बासो' या रचनेसाठी मी वेगळा संच केला. रूप दिसायला आत्मवाचक आहे, पण अर्थ 'माझ्या हातून पेला पडला' असा आहे आणि क्रियापद माझ्याशी नव्हे, तर पेल्याशी जुळते. पेले अनेक असतील तर 'से मे कायेरोन लोस बासोस'. मराठीतही पेला पडला आणि पेले पडले असेच होते, त्यामुळे मराठीतून विचार केला तर ही रचना मुळीच जड नाही. याच न्यायाने 'घर भाड्याने देणे आहे' या अर्थाच्या पाटीवरचे 'से आल्किला', किंवा 'मी ते त्याला दिले' या अर्थाच्या 'से लो दी'तले 'से', यांनाही आत्मवाचकांच्या संचापासून दूर ठेवावे. उतरवून घेतलेल्या त्या संचात हे सगळे 'से' एकाच खुणेखाली होते, आणि नवख्याला त्यातून फक्त गोंधळ मिळतो.

कोणत्या देशाची स्पॅनिश शिकायची हे ठरवूनच संच बांधायला घ्यावा. लॅटिन अमेरिकेत 'बोसोत्रोस' वापरत नाहीत, त्यामुळे 'ओस'ची सगळी रूपे तेथे बोलण्यात लागत नाहीत. ती कार्डे पुसून न टाकता स्थगित ठेवावीत, कारण स्पेनमधला मजकूर वाचताना ती समोर येतातच. अर्जेन्टिनात 'तू'च्या जागी 'बोस' येते. सर्वनाम 'ते'च राहते, पण क्रियापद 'ते लेबान्तास' असेच अक्षरांत लिहिलेले असूनही आघात शेवटच्या 'तास'वर जातो आणि तेथे चिन्ह पडते. 'ऊठ'च्या आज्ञेत मात्र आघात 'ता'वर येतो आणि चिन्हच उरत नाही. म्हणजे एका चिन्हाच्या असण्या-नसण्याने बोलणारा कुठला हे कळते, आणि अ‍ॅपचा लाल रंग येथे फार उपयोगी पडतो. 'निघ' म्हणायला तेथे 'ईर्से'चे रूप न वापरता 'आन्दाते' म्हणतात, ते वेगळे पाठ करावे लागते. आजारी पडण्याला स्पेनमध्ये नुसते 'एन्फेर्मार' चालते, तर लॅटिन अमेरिकेत 'एन्फेर्मार्से'. अशा कार्डांवर मी देशाचे नाव खूण म्हणून जोडते, म्हणजे परीक्षेच्या आधी हवा तेवढाच भाग वेगळा काढून उजळणी करता येते.